ऐंशी पावलांचं मैदान

दोरीकाकांना क्लबात सगळे दोरीकाकाच म्हणत, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलेलं होतं. क्रिकेटच्या मैदानाभोवती जी जाड दोरी घालतात, जिच्यापलीकडे चेंडू गेला की चौकार नाहीतर षटकार, ती दोरी या मैदानावर चौतीस वर्षं त्यांच्याच हातून पडत आली होती. गवत कापणारी माणसं बदलली, रोलर फिरवणारी बदलली, क्लबचे सचिव तर पाच बदलले. दोरीला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, म्हणजे काकांनी लागू दिला नाही.

दोरी घालायची त्यांची एक पद्धत होती. त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या माळ्याने ती त्यांना शिकवली आणि मग तो निवांत निवृत्त झाला. खेळपट्टीच्या मधोमध उभं राहायचं, टाचा जुळवायच्या, आणि नाकासमोर ऐंशी पावलं चालायची. ऐंशीव्या पावलाला खुंटी ठोकायची. परत मध्ये यायचं, दुसऱ्या बाजूला तोंड करायचं, पुन्हा ऐंशी. असं तीन बाजूंना. चौथ्या बाजूला लाँड्रीची भिंत होती; तिथे ऐंशी पावलं चालायला गेलं तर माणूस भिंतीवर आपटून थेट धुलाईच्या टाकीत पडला असता. म्हणून तिकडे भिंतीपासून दोन पावलं आत खुंटी. खुंट्या झाल्या की मधली गोलाई नजरेने. टेप काकांनी कधी वापरली नाही. टेप शिंप्याला लागते, असं ते म्हणत, आणि म्हणताना समोर शिंपी असला तरी त्यांना फरक पडत नसे.

यंदा क्लबचं नशीब उघडायची वेळ आली होती. मोठ्या व्यावसायिक लीगने आपले तीन सामने या मैदानावर खेळवायचं जवळजवळ ठरवलं होतं. अट एकच: मैदानाची कुठलीही बाजू पासष्ट मीटरपेक्षा कमी नको. शिवाय लीगच्या डोक्यात आणखी एक खूळ शिरलं होतं (खूळ हा काकांचा शब्द), की लीगमधली सगळी मैदानं अगदी एका मापाची करावीत. त्यासाठी एक अधिकारी गावोगाव फिरून मैदानं मोजत होता आणि अहवाल लिहीत होता. हा अधिकारी म्हणजे दोरीकाकांचा जावई.

आता सासऱ्याचं मैदान जावयाने मोजायचं, याहून अवघड नोकरी कुणाच्या वाट्याला येऊ नये. निघताना त्याला बायकोने एवढंच सांगितलं होतं, की बाबांसमोर यंत्र काढशील तेव्हा जरा हळू काढ.

क्लबात आठवडाभर आधी सभा झाली. सगळ्यांना घोर होता तो भिंतीच्या बाजूचा. सचिवांनी तर लाँड्रीवाल्या बाईंना भिंत थोडी मागे सरकवता येईल का, असंही विचारून पाहिलं होतं. "तुमचं क्लबघर सरकवा," असं उत्तर आलं.

"भिंतीचं काय व्हायचं ते होईल," दोरीकाका सभेत उठून म्हणाले. "बाकीच्या तीन बाजू माझ्या आहेत. त्यांत एक हात जरी कमी निघाला, तर दोरी त्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात देईन."

तीस माणसांनी हे ऐकलं. चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. काकांना कुणी असलं काही बोलायला सांगितलं नव्हतं. पण उगाच छातीठोकपणे बोलायची त्यांची जुनी सवय होती, आणि टाळ्या मिळाल्या की ती बळावत असे. खरं सांगायचं तर ते सहासष्ट वर्षांचे होते, आणि लीगच्या पहिल्या सामन्याची दोरी आपल्या हातून पडावी, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. तिला ती अर्थातच माहीत होती.

जावईबापू सकाळी पोचले. क्लबघराच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे काका-काकू राहत. काकूंनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. काकांनी त्याला नीट बसूही दिलं नाही.

"म्हणजे सगळी मैदानं एका साच्यातून काढणार तुम्ही."

"बाबा, गोष्ट साधी आहे," जावई कप खाली ठेवून म्हणाला. त्याचा हा आवडता विषय होता आणि सासरा समोर असूनही त्याला राहवलं नाही. "एकाच ताकदीने मारलेला फटका एका मैदानावर षटकार होतो आणि दुसऱ्यावर झेल. एकाचं संघातलं नाव पक्कं होतं, दुसरा घरी बसतो. या पोरांचं पोट आता यावर चालतं. शंभर मीटरची शर्यत एका गावात शंभरची आणि दुसऱ्या गावात ब्याण्णवची, असं चालेल का?"

"धावणाऱ्याला नुसतं धावायचं असतं. इथे डोकं लागतं. लाँड्रीकडची बाजू जवळ आहे, हे समोरच्या कप्तानाला ओळखता यायला नको? तिकडे कोण उभा करायचा, चेंडू कुठून टाकायचा, हाच तर खेळ आहे. सगळीकडे सारखंच करायचं तर मग गावोगाव फिरता कशाला? एकाच मैदानावर वर्षभर खेळा आणि प्रेक्षकांना फिरवा."

"पण कुणावर अन्याय..."

"थांबा. हिच्या हातचा चहा आणि तुमच्या आईच्या हातचा चहा. दोघींना एकाच मापाचा चमचा दिला आणि सांगितलं, आजपासून चव सारखी पाहिजे. चालेल तुम्हाला?"

 या प्रश्नाला सुरक्षित उत्तर जगात कुठेच नव्हतं. जावयाने एक बिस्किट चहात बुडवलं, तेही तुटून आत पडलं.

"त्यांना चहा पिऊ द्या आधी," काकू म्हणाल्या. "मैदान काही पळून जात नाही."

हे शेवटचं वाक्य तेवढं पुढे खोटं ठरायचं होतं.

नऊ वाजता सगळे मैदानात उतरले. सचिव आले, क्लबची दहा-बारा मंडळी आली. लाँड्रीवाल्या बाई भिंतीपलीकडे स्टुलावर उभ्या राहिल्या, कारण फुकटात बघायला मिळणारं काही त्या सोडत नसत. जावयाने खेळपट्टीच्या मधोमध तीन पायांचा स्टँड लावला आणि त्यावर लेझरचं छोटं यंत्र बसवलं. बायकोच्या सांगण्यावरून ते पिशवीतून अगदी हळू काढलं.

पहिली भिंतीची बाजू. सचिवांनी डोळे मिटून घेतले.

"साडेपासष्ट," जावई म्हणाला.

सचिवांनी डोळे उघडले आणि शेजारच्याला मिठी मारली. भिंतीपलीकडून बाई म्हणाल्या, "बघा, उगाच माझ्या भिंतीला नावं ठेवत होता." दोरीकाका मिशीतल्या मिशीत हसत होते. "लिहा," ते जावयाला म्हणाले, "आणि बाकीच्या तीन बाजू उपचारापुरत्या मोजून टाका. ऊन वाढतंय."

जावयाने यंत्र दुसऱ्या बाजूला वळवलं. पाहिलं. काच पुसली. परत पाहिलं.

"एकसष्ट," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

तिसरी बाजू साडेसाठ निघाली. शेवटच्या बाजूला, जिकडे जमीन थोडी चढती होती, तिथे एकोणसाठ.

 "यंत्र बिघडलंय," काका म्हणाले. मग टेप आणली. जिला चौतीस वर्षं मैदानात पाय ठेवू दिला नव्हता, ती टेप काकांनी स्वतः एका टोकाला धरली. तिनेही तेच आकडे सांगितले, वर दोन बोटं कमीच.

"मी चालून दाखवतो," काका म्हणाले. त्यांनी मध्ये उभं राहून टाचा जुळवल्या आणि निघाले. मंडळी मागून मोजत होती. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. आणि ऐंशीव्या पावलाला त्यांच्या चपलेचं टोक दोरीला बरोबर टेकलं, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

मोजण्यात काही चूक नव्हती. ऐंशी म्हणजे ऐंशीच पावलं होती. काका दोरीकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला.

"काका, म्हणजे दोरी लांबत नव्हती तर."

त्याचं असं होतं. ही दोरी क्लबने बावीस वर्षांपूर्वी आणलेली, चांगली मनगटाएवढी जाड. हंगाम संपला की काका ती गुंडाळून खोलीत ठेवत आणि पुढच्या हंगामाला काढत. आणि दर हंगामाला तिची पाच-सहा हात दोरी उरायची. वापरून वापरून दोर सैल पडतो, लांबतो, असा काकांचा शोध होता. उरलेला तुकडा ते कापून लाँड्रीवाल्या बाईंना देत. बाईंना तो फार पसंत होता, कारण जाड दोरीवर ओली चादर टाकली की मध्ये रेघ पडत नाही. बाईंच्या अंगणात आता अशा दोऱ्याच दोऱ्या होत्या. म्हणजे काकांचं पाऊल आखूड होत गेलं तसं मैदान वर्षाला हातभर, कधी त्याहून जास्त आत सरकत होतं, आणि जेवढं आत सरकत होतं तेवढं भिंतीपलीकडे चादरी वाळत घालायला जात होतं. एकटी भिंतीकडची बाजू जागेवर राहिली होती. उलट भिंतीपासूनची ती दोन पावलंही लहान झाल्यामुळे ती बाजू वीतभर वाढलीच होती.

सचिवांच्या डोक्यात भलतंच काहीतरी शिरलं. त्यांनी क्लबघराच्या गच्चीकडे पाहिलं. तिथे क्लबच्या कप्तानाचा मोठा कापडी फलक लावलेला होता: तीन हंगामांत एकशे चार षटकार. फलकाला कप्तानाने स्वतः पैसे दिले होते.

"मग यातले खरे किती?" सचिव पुटपुटले.

"ते विचारू नका," जावई म्हणाला.

 दोरीकाकांनी वाकून दोरीचं टोक उचललं, दोनदा हाताभोवती गुंडाळलं, सचिवांपुढे नेऊन जमिनीवर ठेवलं आणि घराकडे चालायला लागले. जावई मागे धावला.

"बाबा, ऐका ना. तीनही बाजूंना जागा भरपूर आहे. दोरी बाहेर सरकवली की झालं, सामने जात नाहीत कुठे. मी आजच्या आकड्यांचा अहवाल पाठवणारच नाही, दोरी नीट पडल्यावर परत मोजतो. तसा नियमच आहे."

"सामन्यांचं चांगलं झालं," काका म्हणाले. "मी तीस माणसांसमोर बोललोय."

"तुम्ही एक हात म्हणाला होता..."

"चढाकडच्या बाजूला हात-दीड हात नाही, चांगलं सहा मीटर कमी आहे. मला वाचता येतं, जावईबापू."

घरी येऊन ते खुर्चीत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. मैदान आखूड झालं याचं एक वेळ सोडा. आपण म्हातारे झालो ही गोष्ट आपल्याला सोडून एका लेझरच्या डबीला आधी कळली, याचं त्यांना जास्त लागलं. काकूंनी पाण्याचा तांब्या समोर ठेवला. लाँड्रीवाल्या बाईंनी भिंतीवरून सगळी बातमी त्यांच्यापर्यंत पोचवलीच होती.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"दोरीचं नव्हतं माहीत."

"मग कशाचं होतं?"

काकू समोर बसल्या. "लग्न झालं तेव्हा आपण फिरायला जायचो, आठवतं? तुम्ही दहा पावलं पुढे आणि मी मागून धावत. बाजारात लोकांना वाटायचं, या बाईचं पाकीट मारून पळालाय हा माणूस. आता कसे जातो आपण?"

काकांनी विचार केला. "बरोबर जातो. शेजारी-शेजारी. बरीच वर्षं झाली."

"का?"

"मला वाटलं, तू पटपट चालायला शिकलीस."

काकूंना हसू आवरेना. "माझ्या गुडघ्यांना विचारा, मी काय शिकले ते. अहो, मीसुद्धा हळूच झालेय. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त झालात, म्हणून गाठ पडली."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तुम्ही हट्टाने परत पुढे निघाला असता," त्या म्हणाल्या. "मला बरोबर चालायला बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसले."

काका तांब्यातलं घोटभर पाणी प्याले. मग म्हणाले, "पण शब्द दिलाय मी. दोरी दुसऱ्याच्या हातात देईन म्हणालो."

"मग द्या ना. मी तुमच्याहून दुसरीच की."

"म्हणजे?"

"म्हणजे टेपचं एक टोक मी धरते, मध्ये उभी राहून. दोरीही माझ्या हातून जाईल. खुंट्या ठोकायला माझ्या अंगात जोर नाही, ते तुम्ही करा. दोरी दुसऱ्याच्या हातात गेली, तुमचा शब्द राहिला. कुणी काही म्हणालं तर त्यांना म्हणावं, घरी येऊन माझ्याशी बोला."

घरी येऊन काकूंशी वाद घालेल असा माणूस क्लबात नव्हता. दाराबाहेर उभा राहून ऐकणाऱ्या जावयाने तर हे मनापासून मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीवाल्या बाईंनी सगळ्या दोऱ्या भिंतीवरून खाली टाकल्या. बावीस तुकडे. बाईंनी ते धुऊन दिले होते, त्यामुळे जुन्या मळकट दोरीला जोडल्यावर मैदानाला ठिकठिकाणी पांढरे तुकडे दिसायला लागले आणि सगळीकडे साबणाचा वास सुटला. "माझ्या चादरींचं काय ते क्लबने बघावं," असं त्यांनी सचिवांना बजावलं. सचिवांनी घाईघाईने नवी दोरी कबूल केली. त्यांना कप्तानाचा फलक उतरवायचा होता आणि ते काम त्यांना कुणी बघायच्या आत करायचं होतं.

काकू टेपचं टोक धरून खेळपट्टीच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि काका टेप घेऊन चालत गेले. सगळे तुकडे जोडून दोरी पूर्वीएवढी झाली तेव्हा ती तीन बाजूंना किती लांब जाते, ते जावयाने कागदावर काढून ठेवलं होतं. बहात्तर मीटर. बावीस वर्षांपूर्वी एक तगडा माणूस ऐंशी पावलांत जिथे पोचायचा, तिथेच दोरी जाऊन पडली. दोरीचा शेवटचा वेढा काकूंनी स्वतःच्या हाताने खुंटीला घातला.

जावयाने पुन्हा मोजलं. तीन बाजू बहात्तर, भिंतीची साडेपासष्ट. त्याने अहवालात तसं लिहिलं, मैदान योग्य आहे असंही लिहिलं, आणि खाली, सगळी मैदानं एका मापाची करावीत हे आपलं मत कायम असल्याचंही लिहिलं. त्याने ते सासऱ्याला वाचून दाखवलं, कारण तसा तो प्रामाणिक होता.

"लिहा, लिहा," काका म्हणाले. "माझंही मत कायम आहे. प्रत्येक मैदान वेगळं असावं. फक्त ते वेगळेपण माझ्या गुडघ्यांवर सोपवू नये, एवढं मी मान्य करतो. टेप राहू द्या इथेच."

जावयाने टेप काकूंच्या हातात दिली. काकांच्या हातात द्यायचा धीर अजून त्याला होत नव्हता.

मंडळी चहाला गेली. मैदानात दोघंच उरली. काका सवयीने खेळपट्टीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टाचा जुळवल्या. काकूही शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघं चालायला लागली. काका मनात मोजत होते, पण ओठ हलत असल्यामुळे काकूंना ऐकू येत होतं. ऐंशीव्या पावलाला काका आपोआप थांबले. समोर अजून बरंच गवत होतं, आणि त्याच्यापलीकडे दोरी, मळकी आणि पांढरी.

"थांबलात का?" काकू म्हणाल्या. "मैदान अजून आहे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि ते मुद्दामच जरा लहान टाकलं, म्हणजे काकूंना धावावं लागू नये. पंच्याण्णवाव्या पावलाला दोघंही एकदमच दोरीपाशी पोचली.